आठ नंबरचा बंदोबस्त

कोल्हापुरात कुस्तीच्या तालमींच्याच फुटबॉल टीम असतात; आमच्या तालमीच्या टीमचा मी तीन हंगाम कोच होतो. कोच म्हणजे कुठला कोर्स केलेला, गळ्यात शिट्टी अडकवलेला माणूस नव्हे. शाहूपुरीत पाण्याच्या मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात मी काउंटर सांभाळतो. तेहतिसाव्या वर्षी गुडघा गेला आणि खेळणं थांबलं. पुढं दोन वर्षांनी आधीचे कोच दुसऱ्या तालमीकडं गेले, तेव्हा तालमीच्या अध्यक्षांनी मला बोलावून सांगितलं, "तू रिकामाच हायस की. बघ जरा पोरांकडं." एवढीच माझी नेमणूक.

टीमही तशीच होती. गोलकीपर कुरियरची पार्सलं वाटायचा. मिडफिल्डला खेळणारा एकजण पहाटे चार वाजता उठून दुधाच्या रतीबाला जायचा आणि संध्याकाळी प्रॅक्टिसला सगळ्यांत आधी हजर असायचा. दोघं फौंड्रीत कामाला, एक रिक्षावाला, बाकी कॉलेजची पोरं. आणि सेंटर फॉरवर्डला माझा मित्र.

याच्याबद्दल आधी सांगायला पाहिजे. आम्ही शाळेत एका बाकावर बसलो आणि दहाव्या वर्षी एकाच दिवशी तालमीच्या मैदानात उतरलो. मी मिडफिल्डला डाव्या बाजूला खेळायचो, तो पुढं. माझ्या पायातून सुटलेला बॉल कुठं पडणार हे त्याला माझ्याआधी कळायचं. उचगावात त्याचं मोटारसायकलींचं गॅरेज आहे. पंधरा वर्षं तालमीचे सगळ्यांत जास्त गोल त्याचेच. गल्लीतल्या बायकांनासुद्धा त्याचा जर्सी नंबर पाठ होता. मी कोच झालो तेव्हा तो पस्तिशीत होता आणि तरी पहिल्या अकरात त्याचं नाव लिहायला कुणाला विचार करावा लागत नव्हता.

दुसऱ्या हंगामात एका नॉकआउट स्पर्धेत आम्ही सेमीफायनलला पोचलो. फार मोठा पराक्रम केला असं नाही. पहिला सामना टायब्रेकरवर काढला, दुसऱ्यात समोरच्या टीमचा एक खेळाडू पहिल्याच हाफमध्ये रेड कार्ड घेऊन बाहेर गेला. सेमीफायनलला आमच्यासमोर आली ती मोठ्या पेठेतली टीम. त्यांच्याकडं राज्याच्या टीममधून खेळून आलेले दोघं होते, पुढं एक नायजेरियाचा उंच स्ट्रायकर होता, आणि स्टेडियमचा अर्धा भाग त्यांच्या माणसांनी भरायचा. आदल्या तीन वर्षांत आम्ही त्यांच्याशी चारदा खेळलो होतो आणि चारही वेळा हरलो होतो. शेवटच्या सामन्यात पाच गोल खाल्ले होते. त्यांच्या पोरांनी नंतर आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन पाच फटाके वाजवले. मोजून पाच.

मधे मैदान दुसऱ्या कार्यक्रमाला दिलं होतं, म्हणून सेमीफायनलला सोळा दिवस मिळाले. अध्यक्ष म्हणाले, "चार गोलांच्या आत हरलो तर इज्जत राहिली म्हणायची." ते चेष्टेत म्हणाले नव्हते.

पहिल्या रविवारी सकाळी मी घरच्या टीव्हीवर मोठ्या टीमचे जुने सामने लावून बसलो. आता कोल्हापुरात प्रत्येक सामन्याचं चित्रण कुणीतरी नेटवर टाकतंच. माझ्या हातात एक शंभरपानी वही होती. प्रत्येक पानावर मैदानाचा चौकोन काढायचा आणि त्यांचा गोल कुठून कसा झाला ते बाणांनी दाखवायचं, असं चाललं होतं. दुपारपर्यंत तीन सामने आणि अकरा गोल झाले. मी नायजेरियाच्या स्ट्रायकरभोवतीच गोल गोल रेघा मारत बसलो होतो, कारण गोल तोच मारत होता.

बायको शेजारी मेथी निवडत बसली होती. ती हायस्कूलमध्ये गणित शिकवते. फुटबॉलशी तिचं देणंघेणं नाही. तिनं वही ओढून घेतली, चार पानं उलटली आणि म्हणाली, "अहो, हे सगळे बाण एकाच बाजूनं कसे गेलेत?"

"त्यांचा उजवीकडचा पोरगा लई पळतो म्हणून."

"ते असेल. पण बाण सुरू सगळे इथनं झालेत." तिनं मैदानाच्या मधल्या वर्तुळाच्या थोडं मागं बोट ठेवलं. "इथं कोण असतंय?"

तिथं त्यांचा आठ नंबर असायचा. बुटका, शांत, फारसा न पळणारा. मी सामने परत लावले आणि या वेळी बॉलकडं न बघता फक्त त्याच्याकडं बघितलं. त्यांचे बॅक बॉल मिळाला की मान वर करून आधी त्याला शोधायचे. तो बॉल घ्यायचा, एका पायावर वळायचा आणि उजवीकडं लांब सोडायचा. तिथून क्रॉस आणि मग त्या उंच स्ट्रायकरचं डोकं. अकरापैकी आठ गोल असे होते. डाव्या बाजूनं ते जवळजवळ येतच नव्हते. का येत नाहीत ते बघायला मी आणखी एक तास घालवला. त्यांचा डावा बॅक उजव्या पायाचा होता. बॉल डाव्या पायावर आला की तो थांबायचा, फिरायचा, उजव्या पायावर घ्यायचा आणि मागं देऊन टाकायचा. त्यांच्या लोकांना ते दिसत नव्हतं, कारण ते जिंकत होते.

संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यात सगळं बसलं. आठ नंबरला वळू द्यायचं नाही. त्याच्यावर आपला दूधवाला लावायचा, कारण त्याच्याइतका दम कुणातच नाही. बाकी सगळ्यांनी मागं, आखडून उभं राहायचं. त्यांच्या डाव्या बॅकला मात्र मोकळं सोडायचं, म्हणजे बॉल नाइलाजानं त्याच्याकडं जाईल. मोठ्या डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकोनाच्या, आसपास फाउल करायचा नाही. आणि आपल्या गोलकीपरनं प्रत्येक किक लांब त्या डाव्या बॅकच्या कोपऱ्यातच मारायची.

या सगळ्यात एक अडचण होती. आखडून खेळायचं तर पुढच्या माणसानंही मागं यायला पाहिजे. माझा मित्र मागं येत नव्हता. तरुणपणीही येत नव्हता, पण तेव्हा आम्ही बाकीचे दहाजण त्याच्या वाटचं पळायचो. त्याच्याऐवजी फौंड्रीतला बावीस वर्षांचा एक पोरगा होता. त्याच्या पायात कला फारशी नव्हती, पण सांगितलं तर तो दिवसभर मागंपुढं पळाला असता.

मी बायकोला हे बोललो. ती म्हणाली, "मग त्यांच्या घरी जाऊन सांगा. आजच सांगा."

मी त्या दिवशी गेलो नाही. आठवडाभर गेलो नाही. प्रॅक्टिसला त्याला कधी या टीममध्ये, कधी त्या टीममध्ये घालत राहिलो. दूधवाल्याला एका बाजूला घेऊन त्याचं काम मात्र समजावलं. "आठ नंबर पाणी प्यायला गेला तर तू बी जायचं," मी म्हणालो. त्यानं गंभीरपणे विचारलं, "आन त्यो पाणी प्यायलाच गेला न्हाय तर?" मी म्हटलं, "तर तू बी तहानलेला राहायचं." त्याला ते पटलं.

दुसऱ्या रविवारी टीम जोतिबाला गेली. मोठ्या सामन्याआधी तालमीची पोरं गाड्या काढून डोंगरावर जातात, दर्शन घेतात, कपाळाला गुलाल लावून येतात. मी मित्राच्या गाडीवर मागं बसून गेलो होतो. दर्शन झालं, पोरं नारळ-पेढ्यांच्या दुकानांसमोर रेंगाळली आणि आम्ही दोघं पायऱ्यांवर बसलो. मला वाटलं, देवाच्या दारात आहे, माणसं आहेत, इथं हा ओरडणार नाही. खरं सांगायचं तर मी तिथं सांगितलं ते एवढ्याच कारणानं. त्यात मोठेपणा काही नव्हता.

मी सुरुवात लांबून केली. आखडून खेळणं, मागं येणं, पळणं, असं काहीबाही बोलत राहिलो. त्यानं मधेच हात वर केला.

"मला बसवणार व्हय? सरळ सांग की."

"सुरुवातीला बसवतोय. नंतर लागलं तर घालतोच की."

"लागलं तर."

"तसं न्हवं रे..."

"पंधरा वर्सं मी हितं गोल मारालोय. आन तू मला मोटारसायकलची स्टेपनी केलास." तो स्वतःच थोडा हसला, कारण मोटारसायकलला स्टेपनी नसते हे त्याच्यापेक्षा कुणाला जास्त ठाऊक असणार. मग हसू गेलं. "कधी ठरवलंस हे?"

"गेल्या रविवारी."

"आठ दिस झालं. आठ दिस तू मला पळवालायस, मी पळालोय, आन तुला ठाऊक हाय मी खेळणार न्हाय."

तो उठला, पायऱ्या उतरला, गाडी काढली आणि निघून गेला. मी गोलकीपरच्या गाडीवर, त्याच्या पार्सलच्या पिशवीला टेकून, खाली आलो. घरी बायकोनं चेहरा बघून ओळखलं. 'मी सांगितलं होतं' हे तिनं ताट वाढताना वाटीच्या आवाजातून सांगितलं.

सोमवारी तो प्रॅक्टिसला आला नाही. मंगळवारी अध्यक्ष मैदानावर आले. त्यांचा डेअरीचा धंदा आहे, उन्हाळ्यात त्यांना फुरसत नसते, तरी आले.

"काय ऐकालोय मी? त्याला बसवलास?"

"व्हय अण्णा."

"अरं, लोक त्याला बघायला येत्यात. टीम हरली तर हरली, त्यो एक गोल मारतोय त्यात लोकांस्नी समाधान हाय."

"मागच्या वेळी त्यानं एक मारलाच होता अण्णा. आपण पाच खाल्लं."

अध्यक्षांनी मैदानावरचं एक गवताचं पातं उपटलं, बघितलं आणि टाकून दिलं. "हरलास तर मी तुझ्या बाजूनं बोलणार न्हाय. आधीच सांगून ठेवतो." मी बरं म्हणालो. त्यांचं सांगणं सरळ होतं. मला मित्राशी तसं वागता आलं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी मी पोरांना दोन टीममध्ये वाटत होतो. एकीला मोठ्या टीमसारखं खेळायला लावलं होतं. तेवढ्यात मित्र आला. बूट बांधूनच आला होता. माझ्याकडं बघितलं नाही. पलीकडच्या टीममधल्या एका पोराला म्हणाला, "तू सर. आठ नंबर मी हाय."

मी शिट्टी वाजवली. पहिली दहा मिनिटं तो मधल्या वर्तुळात उभा राहिला. दूधवाला त्याच्या पाठीला चिकटून होता. बॉल आला की मित्राला वळता येत नव्हतं, मागं द्यावा लागत होता. मला बरं वाटलं. मग तो हळूहळू उजव्या रेषेकडं चालत गेला. नुसता चालत. दूधवाला सांगितल्याप्रमाणं त्याच्यामागं गेला. मधे मैदानात बैलगाडी जाईल एवढी जागा रिकामी झाली. मित्रानं बॉल मागितलासुद्धा नाही, नुसतं बोट दाखवलं. त्या जागेतून एक पोरगा सरळ आत गेला आणि गोल झाला. पाच मिनिटांनी परत तेच. मग आणखी एकदा.

तिसऱ्या गोलनंतर तो माझ्यापाशी आला. घामानं निथळत होता.

"बघितलास? तुझा प्लॅन हितं फाटतोय. त्यो आठ नंबर येडा न्हाय. त्याला अर्ध्या तासात कळंल."

"मग?"

"मग काय. दूधवाल्याला रेषेपर्यंत जाऊ देऊ नको. मोठ्या डीच्या रुंदीएवढंच त्याचं रान. आठ नंबर त्याच्याबाहेर गेला की तुझ्या लेफ्ट हाफनं उचलायचा आन ह्यानं भोकात उभं राहायचं." एवढं बोलून तो पाणी प्यायला गेला. सवयीनं दूधवालाही त्याच्यामागं गेला. सगळी पोरं हसली. मित्र हसला नाही.

पुढचे तीन दिवस आम्ही फक्त तेवढंच केलं. दूधवाल्यानं "घे!" म्हणून ओरडायचं, लेफ्ट हाफनं "घेतला!" म्हणून उत्तर द्यायचं. उत्तर आल्याशिवाय दूधवाल्यानं सोडायचं नाही. मित्र आठ नंबर होऊन रोज नवीन काहीतरी शोधायचा, कधी मागं येऊन बॉल घ्यायचा, कधी थ्रोला जाऊन उभा राहायचा. तो रागात होता आणि त्या रागानंच तो आमची गळकी ठिकाणं शोधत होता. त्या तीन दिवसांत तो माझ्याशी खेळाशिवाय एक शब्द बोलला नाही.

सामना चार वाजता होता. उन्हानं स्टेडियमच्या पायऱ्या तापल्या होत्या, लोक खाली वर्तमानपत्र घालून बसले होते. मैदानात उतरायच्या आधी मी अकरा नावं वाचली. मित्राचं नाव आलं नाही तेव्हा दोघातिघांनी एकमेकांकडं बघितलं. तो बाकावर जाऊन बसला आणि बुटांच्या नाड्या सोडून परत बांधू लागला. आमच्या गल्लीच्या बाजूनं कुणीतरी त्याचं नाव घेऊन ओरडलं, मग माझं नाव घेऊन ओरडलं. माझ्या नावापुढं जे जोडलं होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पहिला हाफ बघायला चांगला नव्हता, हे कबूल करतो. आमचे नऊजण आमच्या डीसमोर गर्दी करून उभे. बॉल त्यांच्याकडं. ते आठ नंबरला शोधायचे, त्याच्या पाठीला दूधवाला. मग नाइलाजानं डाव्या बॅकला द्यायचे. तो थांबायचा, फिरायचा, मागं द्यायचा. त्यांचे लोक शिट्ट्या मारायला लागले. अर्धा तास होत आला तेव्हा आठ नंबर उजव्या रेषेकडं चालायला लागला. नुसता चालत. "घे!" असा आवाज आला. "घेतला!" दूधवाला माघारी फिरून मधे उभा राहिला, आणि त्यांचा जो पोरगा आत घुसणार होता तो त्याच्यावर आदळला. मी बाकाकडं बघितलं. मित्र मैदानाकडं बघत होता.

मध्यंतराला शून्य-शून्य. अध्यक्ष खोलीत आले आणि म्हणाले, "आता जरा फुडं जावा की रे! किती मार खायचा?" मी म्हटलं, "अण्णा, गोल न्हाय खाल्ला अजून." ते म्हणाले, "त्येच म्हणालोय. आता जिंकाय बघा." त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच जिंकणं हा शब्द आला होता.

दुसरा हाफ सुरू होऊन दहाएक मिनिटं झाली असतील. त्यांना कॉर्नर मिळाला. माझ्या वहीत कॉर्नरबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. आठ नंबर, डावा बॅक, उजवी बाजू यांच्या नादात मी कॉर्नर विसरूनच गेलो होतो. बॉल आला, नायजेरियाचा पोरगा दोघांच्या डोक्यावरून उठला आणि गोल. अर्धं स्टेडियम उभं राहिलं. हलग्या वाजायला लागल्या.

मी उभा राहिलो आणि मला काही सुचेना. सगळी तयारी गोल न खाण्याची होती. गोल खाल्ल्यावर काय, हे मी ठरवलंच नव्हतं. हे तेव्हा कुणालाच कळलं नसावं, कारण मी हाताची घडी घालून विचार करत असल्यासारखा उभा होतो.

मागून मित्राचा आवाज आला. "त्यांचा डावा बॅक दमलाय."

मी वळलो.

"मला घाल. फुडं न्हाय. उजवीकडं, त्याच्यासमोर. इतका वेळ मोकळा सोडलास त्याला, आता धरायचा."

"तू तिथं कधी खेळलायस?"

"न्हाय. पर त्याला उजव्या पायावर बॉल घेऊ द्यायचा न्हाय एवढंच हाय न्हवं? त्याला काय लई खेळता यावं लागतंय?"

मी उजवीकडच्या कॉलेजच्या पोराला बाहेर काढलं आणि त्याला आत सोडलं. आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, आता हा पुढं जाऊन गोल मारणार. तो सरळ त्या डाव्या बॅकसमोर जाऊन उभा राहिला.

मी त्याला पंचवीस वर्षं खेळताना बघितलं होतं. असं पळताना कधी बघितलं नव्हतं. बॉल डाव्या बॅककडं निघाला की हा त्याच्या आतल्या बाजूनं धावायचा, उजवा पाय बंद. त्या माणसाला डाव्या पायानंच काहीतरी करावं लागायचं. पहिल्यांदा बॉल रेषेबाहेर गेला. दुसऱ्यांदाही गेला. तिसऱ्यांदा त्यानं लाथाडून दिला तो आमच्याच पायात आला. त्यांचे लोक आपल्याच माणसावर ओरडायला लागले आणि तो आणखी घाबरला. सामना संपायला सातआठ मिनिटं राहिली असताना तो डाव्या पायानं गोलकीपरकडं मागं द्यायला गेला. बॉल अर्ध्यातच मेला. फौंड्रीतला पोरगा त्याच्यावर धावून गेला. गोलकीपर पुढं आला होता. पोरानं बॉल त्याच्या बाजूनं ढकलला. बॉल इतका हळू गेला की आत जाईपर्यंत कुणी ओरडलंच नाही. एक-एक.

मित्र गुडघ्यांवर हात ठेवून तिथंच उभा होता. गोल झाल्यावर पोरं फौंड्रीवाल्याच्या अंगावर पडली. मित्राकडं कुणी गेलं नाही.

टायब्रेकरला मी पाचजणांची नावं सांगितली. तिसरं त्याचं होतं. त्याबद्दल विचार करायचं कारणच नव्हतं, पेनल्टी तो कधी चुकवत नव्हता. आमच्या पहिल्या दोघांनी मारल्या. त्यांनी एक मारली, दुसरी आमच्या गोलकीपरनं उजवीकडं झेप घेऊन अडवली. मग मित्र गेला. त्यानं बॉल ठेवला, चार पावलं मागं आला, मारला आणि बॉल खांबाला लागून बाहेर आला. तो थोडा वेळ तिथंच उभा राहिला, मग मधल्या वर्तुळाकडं चालत परत आला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. त्यांनी तिसरी आणि चौथी मारली. आमच्या उरलेल्या दोघांनीही मारल्या. चार-तीन. त्यांची पाचवी मारायला आठ नंबर आला. सामनाभर दूधवाल्यानं त्याला इतकं पिडलं होतं की तो चालतानासुद्धा मागं वळून बघत होता. त्यानं मारलेला बॉल आमच्या गोलकीपरच्या पायाला लागून वर उडाला आणि बारवरून बाहेर गेला.

नंतर जे झालं ते कोल्हापुरात होतं तसंच झालं. गुलाल, हलगी, सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या गाड्यांचे आवाज. अध्यक्षांनी मला उचलायचा प्रयत्न केला आणि त्यांची कंबर धरली. दूधवाल्याला पोरांनी खांद्यावर घेतलं. मी मित्राला शोधलं, तर त्याची पिशवी बाकावर नव्हती. गोलकीपर म्हणाला, "त्यो कवाच गेला की." मिरवणूक गल्लीत आली तेव्हा लोक आपापल्या गॅलरीतून त्याचं नाव घेऊन ओरडत होते आणि तो नव्हता.

फायनल चार दिवसांनी झाली. आम्ही तीन-शून्य हरलो. समोरची टीम आमच्यासारखीच होती, मधली. त्यांना हरवायला पुढं जाऊन खेळायला पाहिजे होतं आणि आम्ही सोळा दिवस फक्त मागं उभं राहायला शिकलो होतो. आमच्यापेक्षा मोठ्यांना कसं अडवायचं ते आम्हाला जमलं, आमच्याएवढ्यांना कसं हरवायचं ते जमलं नाही. मित्र फायनलला पूर्ण वेळ खेळला, पुढं, त्याच्या जागी. मीच घातला. तेही चुकलंच बहुतेक.

त्यानंतर महिनाभर आमची भेट नाही. शेवटी मी एका दुपारी उचगावला गेलो. गाडी दुरुस्तीचं निमित्तही काढलं नाही. तो एका स्प्लेंडरचं इंजिन उघडून बसला होता. त्यानं मला स्टूल दिलं आणि चहा सांगितला.

मी म्हणालो, "मी घरी यायला पाहिजे होतं. त्याच रविवारी. आठ दिवस तुला अंधारात ठेवलं ते चुकलं माझं."

तो पान्यानं एक बोल्ट सोडवत राहिला. "बसवलंस ते बरोबर हाय," तो म्हणाला. "मला ते आवडलं न्हाय. दोन्ही खरं हाय. पर जोतिबावर सांगितलंस, ते वाईट केलंस."

"व्हय."

"पेनल्टी मारताना काय होतं डोक्यात ठाऊक हाय का? तू. बॉल घालायचा आन तुझ्याकडं बघायचं, एवढंच. गोल कुठं हाय त्ये बघितलंच न्हाय मी."

चहा आला. आम्ही प्यायलो. एक गिऱ्हाईक हेडलाइट लागत नाही म्हणून आलं, तो उठून वायर बघायला गेला. मी थोडा वेळ बसलो आणि निघालो.

पुढच्या हंगामाच्या नोंदणीला तो स्वतः आला. फॉर्म समोर ठेवून म्हणाला, "कुठं खेळवणार त्ये आत्ताच सांग. नंतर न्हाय."

"उजवीकडं. मागं यावं लागंल. कधी कधी सुरुवातीला बाहेर."

"बरं," म्हणाला आणि सही केली. त्या वर्षी त्यानं दोनच गोल मारले. पंधरा वर्षांत इतके कमी कधीच नव्हते. त्या वर्षी मोठ्या टीमनं आम्हाला चार-शून्य हरवलं. आठ नंबर आता जागेवर थांबतच नव्हता आणि दूधवाल्याला नेमकं कुणाला धरावं ते कळेना. त्यांनीही वह्या केल्या असणार. सामना संपल्यावर मित्र माझ्याशेजारी बाकावर येऊन बसला, मोजे काढून पाय पसरले आणि आम्ही दोघांनी कुठं कुठं चुकलं ते बोलायला सुरुवात केली. मैदान रिकामं झालं तरी आमचं चाललंच होतं. वॉचमन येऊन म्हणाला, "पावणं, गेट लावायचं हाय."